गोव्याच्या हवामानाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

गोव्यात हवामानाचा निकाल आभाळाकडे बघून लागतो. मळभ आलं की कोकमाची सोलं आत घ्यायची, ऊन पडलं की पुन्हा अंगणात मांडायची. इथलं हवामान मात्र दोन गोष्टींवर ठरतं: वारा कुठून येतोय आणि वाटेत त्याला काय लागतंय. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सह्याद्री आणि मधे जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची जमीन. अशा चिंचोळ्या पट्टीत वाऱ्याची दिशा बदलली की सगळंच बदलतं. ते न बघता बांधलेले अंदाज कुठे फसतात, ते पाहू.

पहिली सर आली म्हणजे मान्सून आला

मे महिन्यात संध्याकाळी पूर्वेकडच्या, घाटाखालच्या सत्तरी-सांग्याच्या बाजूने आभाळ काळवंडतं, विजा कडाडतात, तासाभरात सगळं चिंब होतं आणि व्हॉट्सअॅपवर ‘आला एकदाचा!’ सुरू होतं. हा वळीव. दुपारभर तापलेली हवा घाटाजवळ वर चढते, तिथे ढग उभे राहतात आणि वरच्या थरातला वारा पूर्वेचा असेल तर त्याच्याबरोबर ते किनाऱ्याकडे उतरतात. मान्सून उलट्या बाजूने, समुद्रावरून येतो. एकदा स्थिरावला की त्याला दिवस-रात्रीचं सोयरसुतक नसतं आणि गडगडाटही क्वचितच होतो.

हवामान खातंसुद्धा नुसत्या पावसावर मान्सून जाहीर करत नाही. केरळातल्या आगमनासाठी १० मेनंतर ठरावीक १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस लागतो. शिवाय पश्चिमेचे वारे हवेचा दाब ६०० हेक्टोपास्कल असतो त्या थरापर्यंत, म्हणजे चार किलोमीटरहून अधिक उंचीपर्यंत, भरलेले असावे लागतात.

एवढी उंची घरबसल्या मोजता येत नाही, पण एक सोपी खूण आहे. पहाटे उठून वारा बघा. उन्हाळ्यात त्या वेळी तो पडलेला असतो किंवा घाटाकडून मंद येत असतो. पहाटेही पश्चिमेचा वारा माडांच्या झावळ्या हलवत असेल आणि सलग काही दिवस तसाच टिकला, तर प्रकरण खरं. तोवर एका सरीच्या भरवशावर भाताचा तरवा (रोपांसाठीचं बी) टाकू नये. कॅलेंडरवरही फार विसंबू नये. केरळात २०२३ साली मान्सून ८ जूनला पोचला, २०२५ मध्ये २४ मेलाच.

पणजीचा आकडा वाळपईला लावणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पणजीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटाच्या पायथ्याकडे, वाळपईच्या बाजूला, सरकावं तसा तो वाढत जातो. घाट ओलांडून बेळगावला गेलात की तो निम्म्याहूनही कमी होतो आणि विजयपूरला सहाशेच्या घरात येतो. वारा तोच, दिवस तोच.

शाळेत आपण ‘ढग डोंगराला अडतात आणि पाऊस पडतो’ एवढंच पाठ केलं. ढग कशाला आपटून फुटत नाहीत. समुद्रावरची ओली हवा डोंगरामुळे वर चढते. वर दाब कमी असल्याने ती पसरते आणि थंड होते. कोरडी हवा किलोमीटरमागे जवळपास १० अंशांनी निवते. ढग धरू लागला की बाष्पातली उष्णता सुटते आणि निवण्याचा वेग कमी होतो, पण पाणी गळत राहतं. पलीकडे हीच हवा, आधीच बरीच रिती झालेली, खाली उतरताना तापते आणि उरलासुरला ओलावाही धरून ठेवते. हे चढणं अगदी पायथ्याशीच सुरू होतं असंही नाही. पुढे अडसर आहे म्हणून वारा आधीच मंदावतो, हवा दाटते आणि किनाऱ्यावरही वर उचलली जाते. म्हणून पणजी कोरडी राहत नाही.

जुलैत चोर्ला घाटातून जाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. साखळीला पाऊस साधा असतो. घाटात वायपर कितीही जोरात फिरवा, समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसतात. कणकुंबीलाही तेच. जांबोटी मागे टाकून बेळगाव जवळ आलं की रस्त्याच्या कडा कोरड्या दिसायला लागतात.

आता मोबाइलच्या अॅपचं बघा. त्यामागची संगणकावरची जागतिक हवामान प्रारूपं (मॉडेल्स) पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात आणि त्यातल्या चांगल्या प्रारूपांचा चौकोन ९ ते १३ किलोमीटरचा असतो. म्हणजे समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत पाच-सहा चौकोन. एका चौकोनात डोंगराच्या उंचीची सरासरी निघते, सह्याद्रीची धार बोथट होते आणि घाटाखालचा पाऊस आकड्यांत कमी दिसतो. भारतीय हवामान विभागाने २०२५ मध्ये ६ किलोमीटरचं प्रारूप आणलं, ते या बाबतीत बरं. तरीही वाळपई, धारबांदोडा, सांगे इथल्यांनी अॅपचा आकडा किमान समजावा आणि पणजीतल्या आल्तिनोवरच्या वेधशाळेचं पत्रक वाचावं.

पत्रक वाचतानाही दोन गफलती होतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे हलका पाऊस नव्हे. पाऊस थोड्या ठिकाणी, पण जिथे पडेल तिथे धो धो पडू शकतो. दुसरं म्हणजे पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ असते. आज छापलेला आकडा बहुतांशी कालचा.

समुद्र जवळ आहे, मग उष्णतेची लाट कुठून?

किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त तापमान झालं की उष्णतेच्या लाटेचा निकष लागू होतो. मैदानी भागाला लागणाऱ्या चाळिशीची वाट बघावी लागत नाही. मार्चमध्ये सकाळी वारा दख्खनकडून, पूर्वेचा, कोरडा असतो. अकरा-बाराच्या सुमारास जमीन समुद्राहून बरीच तापते आणि खारे वारे सुरू होतात. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झेंडा फिरताना दिसतो, घामाची चिकचिक सुरू होते, पण पारा तिथेच थबकतो. ज्या दिवशी पूर्वेचा वारा जोरात असतो त्या दिवशी खाऱ्या वाऱ्याला आत शिरता येत नाही. एक वाजतो, दोन वाजतात आणि पारा चढतच राहतो.

म्हणून उन्हाळ्यात ‘आज किती डिग्री’ यापेक्षा ‘वारा किती वाजता वळला’ हे विचारावं. सांग्याला तो पोचेपर्यंत दुपार कलते. किनाऱ्यावरच्या कामाच्या वेळा तिथल्या मजुरांना लावू नयेत.

वादळ लांब आहे, आपल्याला काय!

तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ च्या रात्री सौराष्ट्रात धडकलं, पण आदल्या दिवशी गोव्याजवळून जाताना त्याने इथली झाडं आणि विजेचे खांब आडवे केले. आपल्याकडे चक्रीवादळाभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वादळ नैऋत्येला असताना गोव्यात वारा पूर्व-आग्नेयेचा लागतो, थेट पश्चिमेला आलं की दक्षिणेचा, पुढे वायव्येला सरकलं की नैऋत्येचा. वारा या क्रमाने वळला तर वादळ उत्तरेकडे निघून चाललंय. तरी लगेच होडी लोटू नका. समुद्र शांत व्हायला वेळ लागतो.

बंगालच्या उपसागराकडेही लक्ष असू द्या. पावसाळ्यात ओडिशाजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे जोर धरतात आणि गोव्याला झोडपतात. उलट मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याला सरकला की इथेही उघडीप पडते. ऑगस्ट २०२३ असाच गेला. देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट.

चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस गेला

मान्सूनच्या परतीच्या काळात पश्चिमेचे वारे ढिले पडतात, वर पूर्वेचे सुरू होतात आणि मेमधला खेळ पुन्हा रंगतो. सकाळ स्वच्छ, दुपारी घाटावर ढग, चारनंतर विजांसह सर. नेमकी भातकापणी तेव्हाच असते. कापलेलं भात सकाळी उन्हाला टाकावं, दुपारी तीनच्या आत गोळा करावं आणि ताडपत्री पूर्वेच्या बाजूने आधी बांधावी. पाऊस कोसळण्याआधीचा पहिला झोत बहुधा तिकडूनच येतो.