बायबलमधली देवाची नावं कशी वाचावीत

आधी मूळ हिब्रू शब्द ओळखा. मराठी बायबलमध्ये साधारणपणे ‘देव’ दिसलं की मागे ‘एलोहीम’ आणि ‘परमेश्वर’ दिसलं की ‘यहवह’ ही चार व्यंजनं : योद, हे, वाव, हे. उत्पत्ती १ला अध्याय आणि २:४ पासूनचा भाग शेजारी ठेवून वाचा; फरक लगेच कळतो.

एलोहीम रूपाने अनेकवचनी आहे, म्हणून अनेक देव असा अर्थ काढण्याची घाई करू नका. उत्पत्ती १:१ मधलं ‘बारा’ (निर्माण केलं) हे क्रियापद एकवचनी आहे. निर्णय क्रियापदावरून घ्यायचा.

यहवहचा उलगडा निर्गम ३:१४ मध्ये : ‘मी आहे तो आहे’. हिब्रू ‘एह्ये’चा अर्थ ‘मी असेन’ असाही होतो, आणि सोबत राहण्याचं ते वचन फार सुंदर आहे. यहुदी हे नाव उच्चारत नाहीत, ‘अदोनाय’ (प्रभू) वाचतात. त्याची आठवण म्हणून व्यंजनांना अदोनायचे स्वर लावले गेले. ते एकत्र वाचल्याने ‘यहोवा’ झालं.

नव्या करारात यहवहच्या जागी ग्रीक शब्द येतो ‘क्युरिओस’, म्हणजे प्रभू. तो माणसालाही लागतो, म्हणून संदर्भ तपासा.