मूत्रद्वाराशी आढळणारी साधी गाठ: तपासणी, निदान आणि उपचार

‘अंग बाहेर आलंय’ अशी तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीचे बहुतेक वेळा गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकलेले असते. त्यामुळे तपासणाराही तेच गृहीत धरतो आणि मूत्रद्वाराशी वाढलेली गाठ त्याच नावाने केसपेपरवर नोंदली जाते. मूत्रमार्गाच्या साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठी मुळात कमी आढळतात. पाळी गेल्यानंतर येणारा कॅरंकल हा मांसल कोंब तेवढा वरचेवर दिसतो. लायोमायोमा, म्हणजे स्नायूंची साधी गाठ, किंवा रक्तवाहिन्यांची गाठ मात्र क्वचितच समोर येते. म्हणून नाव शोधण्याआधी ती नेमकी कोठून निघाली आहे हे पाहावे.

रुग्णाला लघवी करून यायला सांगावे, पडदा ओढून उताणे झोपवावे, गुडघे दुमडून घ्यावेत आणि चांगल्या उजेडात दोन बोटांनी ओष्ठ बाजूला करून आधी मूत्रद्वाराचे छिद्र शोधावे. छिद्र गाठीच्या बरोबर मध्यभागी असून लाल कडे चहूबाजूंनी फुगलेले असेल, तर ते मूत्रमार्गाचे अस्तर बाहेर आल्याचे लक्षण होय. हे लहान मुलींमध्ये आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये दिसते. छिद्राच्या फक्त खालच्या ओठावर, घड्याळातील सहाच्या जागी, लालबुंद मऊ कोंब असेल तर कॅरंकलची शक्यता मोठी. छिद्र एका बाजूला ढकलले गेले असेल तर शेजारच्या स्कीन ग्रंथीची पाणगाठ आठवावी. छिद्र सापडतच नसेल तर बारीक कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, हलक्या हाताने घालून पाहावा. तो गाठीच्या कोणत्या बाजूने आत जातो, यावरूनच निम्मा उलगडा होतो.

त्यानंतर योनिमार्गात बोट घालून पुढची भिंत मूत्राशयाकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू दाबत आणावी. मूत्रद्वारातून पू किंवा लघवीचा थेंब आला, तर ती गाठ नसून मूत्रमार्गाची पिशवी, म्हणजे डायव्हर्टिक्युलम, असण्याचा संभव अधिक. लायोमायोमा हाताला आवळ्यासारखा घट्ट आणि गुळगुळीत लागतो, सहसा दुखत नाही आणि दाबल्याने लहान होत नाही. याउलट टणक, व्रण पडलेली, बोट लागताच रक्त येणारी किंवा काही आठवड्यांतच वाढलेली गाठ असेल, अथवा जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली रसग्रंथी, लागत असेल, तर ती साधी आहे असे न मानता आधी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करावी. निळसर, दाबल्यावर चपटी होणारी गाठ रक्तवाहिन्यांची असू शकते. तिचा तुकडा बाह्यरुग्ण विभागात काढायला जाऊ नये, कारण रक्तस्राव आवरणे कठीण जाते. लहान मुलीच्या मूत्रद्वारातून फुगा किंवा द्राक्षांच्या घोसासारखे काही डोकावत असेल तर कात्री न लावता मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून तिला थेट बालशल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

लघवीची साधी तपासणी व कल्चर, आणि लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी उरते हे पाहणारी सोनोग्राफी, एवढे सर्वांनाच करावे. गाठ खोल किंवा मोठी असेल तर एमआरआयचा खर्च वाया जात नाही: लायोमायोमा टी-2 चित्रात (एमआरआयचा पाणी पांढरे दाखवणारा प्रकार) सहसा गडद व भरीव दिसतो, तर द्रवाने भरलेली पिशवी पांढरी उठून दिसते. गाठ आतल्या बाजूला किती आली आहे हे सिस्टोस्कोपीने, म्हणजे मूत्रमार्गात दुर्बीण घालून पाहिल्याने, कळते.

‘पुन्हा पाळी सुरू झाली’ म्हणणाऱ्या उतारवयाच्या स्त्रीला कॅरंकल दिसला की तपास तेथेच थांबवण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महागडी चूक हीच. कोंबातून रक्त येत असले, तरी गर्भाशयाचे अस्तर, गर्भाशयमुख आणि मूत्राशय यांची तपासणी स्वतंत्रपणे करावीच लागते.

कॅरंकल लहान असून त्रास देत नसेल तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. जळजळ किंवा रक्ताचे डाग असतील तर कोमट पाण्याचे कटिस्नान (टबात कमरेपर्यंत बसणे) आणि इस्ट्रोजेनचे मलम द्यावे; मलम साधारण दोन आठवडे रोज रात्री व पुढे आठवड्यातून दोनदा लावतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असल्यास त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, कोंब मोठा असला किंवा त्याच्याविषयी शंका असली, तर तो काढून टाकावा. काढताना अस्तर आत ओढले जाऊ नये म्हणून आधीच टाके धरून ठेवावेत, नाहीतर मूत्रद्वार आकसते.

लायोमायोमा हा गुळगुळीत स्नायूंचा, बहुधा 30 ते 50 या वयात आढळणारा. गर्भारपणात तो वाढल्याचे आणि बाळंतपणानंतर आटल्याचे दिसलेले आहे. त्रास देणारी गाठ शस्त्रक्रियेने काढतात. मूत्राशयात कॅथेटर ठेवून, योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीवर छेद घेऊन, गाठीच्या आवरणालगत राहत ती सोलून बाहेर काढावी. मूत्रमार्ग उघडला गेलाच तर विरघळणाऱ्या बारीक धाग्याने थर न थर शिवून घ्यावा आणि कॅथेटर एक ते दोन आठवडे ठेवावा. घाईने काढल्यास योनिमार्गातून लघवी गळत राहण्याची भीती असते. पूर्ण काढलेली गाठ सहसा परत होत नाही.

मुलग्यांमध्ये मूत्रमार्गाच्या मागच्या भागात देठावर लोंबणारा तंतुमय पॉलिप आढळतो. लघवीची धार मध्येच तुटते किंवा लघवीतून रक्त जाते. तो दुर्बिणीतून देठापाशी कापतात. पुरुषांच्या मूत्रद्वारातील चामखिळी बहुधा एचपीव्ही या विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतात. तेथे जोडीदाराचीही तपासणी करावी.

काढलेला तुकडा कितीही लहान आणि निरुपद्रवी दिसला तरी तो हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीला, पाठवावा. बाटलीत सलाइन नव्हे, 10 टक्के फॉर्मॅलिन असावे, तेही तुकड्याच्या निदान दसपट. झाकणावर नव्हे तर बाटलीवर नाव लिहावे, कारण झाकणे अदलाबदल होतात. सोबतच्या कागदावर ‘गाठ’ एवढेच न लिहिता जागा, वय आणि पाळीची स्थिती लिहावी. बाटली नातेवाइकांच्या हाती देऊन मोकळे होण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे; एसटीच्या पिशवीत राहिलेल्या अशा बाटलीचा अहवाल कधीच येत नाही, तेव्हा ती दवाखान्यानेच पोचवावी. टाके भरल्यावर धार बारीक झाली आहे का, खोकताना लघवी सुटते का, हे सहा आठवड्यांनी विचारावे आणि त्याच वेळी अहवाल रुग्णासमोर वाचून दाखवावा.