मालदीवचं रिसॉर्ट बुक करण्याआधी

नुसता खोलीचा दर बघून हुरळू नका. विमानतळावरून बेटावर कसं नेणार आणि त्याचे माणशी किती, ते आधी विचारा. कधीकधी हाच आकडा डोळे पांढरे करतो. लांबच्या बेटांवर बहुधा सीप्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने) जावं लागतं आणि ती फक्त दिवसाउजेडी उडतात. मालेला संध्याकाळी उतरलात, तर मुक्काम विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर आणि रिसॉर्टची पहिली रात्र वाया. मुंबईचं विमान उशिराचं असेल तर स्पीडबोटीने गाठता येणारं जवळचं बेट घ्या; ती बहुतेक ठिकाणी रात्रीही सुटते. सीप्लेनमध्ये बॅग साधारण 20 किलोचीच चालते, तेव्हा चिवड्याचे डबे बेतानेच. आणि ड्यूटी-फ्रीची बाटली नकोच, कस्टमवाले काढून घेतात.