क्लिप स्लो करायच्या आधी फ्रेम मोजा

‘स्लो केलं आणि क्वालिटी गेली’ अशी तक्रार करत मी तीन रात्री घालवल्या आहेत. तेव्हा क्वालिटी म्हणजे बिटरेट (फाइलमध्ये सेकंदाला किती डेटा), एवढंच माझ्या डोक्यात होतं. एडिटिंग शिकायला लागून जेमतेम चार महिने झाले होते. टाइमलाइन, कट, एक्स्पोर्ट तुम्हाला येतच असेल, ते सांगत बसत नाही.

काम साधं होतं. एक मुलगी उंचावरून पाण्यात सूर मारते, तेवढा तुकडा निम्म्या वेगाने दाखवायचा. शूट सेकंदाला ५० फ्रेमने झालेलं, टाइमलाइन २५ ची. सगळं जुळून आलेलं. पण मूळ फुटेज दुसऱ्या ड्राइव्हवर होतं आणि ती ड्राइव्ह शोधून जोडायचा मला कंटाळा आला. कच्चा कट एक्स्पोर्ट करून झाला होता, तीच फाइल पुन्हा आत घेतली आणि स्पीड ५० टक्के केला. सूर झटके खात खात पाण्यात गेला.

मग मी बिटरेट वाढवला. १० एमबीपीएसवरून थेट १००. फाइल फुगली, झटके जागच्या जागी. मग ऑप्टिकल फ्लो लावला, म्हणजे मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरकडून बनवून घेतल्या. झटके गेले, पण मुलीची बोटं एकमेकांना चिकटली आणि पाण्याचे थेंब मेणासारखे वितळले. मग शार्पनिंग. त्याबद्दल न बोललेलं बरं.

तिसऱ्या रात्री फाइलची माहिती उघडून पाहिली: फ्रेम रेट २५. तेव्हा कुठे उजेड पडला.

काय झालं होतं ते सावकाश सांगते. ५० ची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर नेहमीच्या वेगाने ठेवली, की सॉफ्टवेअर एक आड एक फ्रेम गाळतं. टाइमलाइनवर असेपर्यंत त्या फ्रेम फक्त दिसत नाहीत, मूळ फाइलमध्ये त्या शाबूत असतात. एक्स्पोर्ट केलं की नव्या फाइलमध्ये त्या नसतातच. माझ्या फाइलमध्ये एका सेकंदाच्या २५ फ्रेम उरल्या होत्या. निम्म्या वेगाने त्याच दोन सेकंद पुरवायच्या, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोनदा दिसणार आणि सेकंदाला वेगळी चित्रं फक्त साडेबारा. झटके ते हेच. मूळ क्लिपच घेतली असती तर ५० फ्रेम दोन सेकंदांत पसरल्या असत्या, प्रत्येक वेगळी, एकही उसनी नाही. बिटरेटने आहे ती फ्रेम स्वच्छ राहते, नसलेली फ्रेम येत नाही. म्हणून स्पीड बदलायचा तो कायम मूळ फुटेजवर. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवर नाही, कुणी पाठवलेल्या कॉम्प्रेस झालेल्या कॉपीवर तर नाहीच.

किती स्लो करता येईल याचा हिशेब सोपा आहे. टाइमलाइनचा फ्रेम रेट भागिले क्लिपचा फ्रेम रेट. ५० ची क्लिप २५ वर ५० टक्के, ६० ची २४ वर ४० टक्के, १२० ची २४ वर २० टक्के. त्याच्या खाली गेलात की फ्रेम संपल्या. ६० ची क्लिप २४ वर डोळे झाकून ५० टक्के केलीत तर काही फ्रेम मधूनच गळतात आणि हालचाल किंचित लंगडते. टक्क्यांच्या भानगडीत पडायचं नसेल तर क्लिपचा फ्रेम रेट टाइमलाइनइतकाच आहे असं सॉफ्टवेअरला सांगा. प्रीमियरमध्ये ‘इंटरप्रिट फुटेज’, दाविंचीत ‘क्लिप ॲट्रिब्यूट्स’. मात्र काही कॅमेरे स्लो मोडमध्ये आधीच स्लो झालेली फाइल देतात. तिच्या फ्रेम पुरेपूर वापरून झालेल्या असतात. तिला आणखी ताणू नका.

पाल या जुन्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीत २४ फ्रेमचे चित्रपट २५ ने चालवत. सुमारे ४ टक्के जलद, आवाज किंचित चढा, पण चित्रात एक फ्रेम कमी नाही की जास्त नाही. मला हा विषय खरा कळला तो यातून. चित्रं तीच, घड्याळ तेवढं बदललं.

‘ऑप्टिकल फ्लो टाक, होऊन जाईल’ असं सांगणारे सीनियर भेटतील. मला भेटले. माणूस वाईट नव्हता, पण क्लिप कितीची आहे हे त्याने एकदाही विचारलं नाही. जो आधी ते विचारतो त्याच्याकडे शिका, हे माझं ठाम मत आहे. ऑप्टिकल फ्लो मधली फ्रेम अंदाजाने बनवतं. साध्या पार्श्वभूमीवर चालणारा एकटा माणूस असेल तर छान जमतं. पाणी, केस, चाकाचे आरे, एकमेकांवरून जाणारे हात आले की फसतं.

शूट तुमच्याच हातात असेल तर शटरही बघा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते. सेकंदाला १०० फ्रेमला साधारण १/२०० सेकंद लागतो, म्हणजे २५ च्या नेहमीच्या १/५० पेक्षा चौपट कमी उजेड. घरातल्या दिव्याखाली चित्र काळवंडतं, कधी लुकलुकतंही. मोबाइलच्या फुटेजचा फ्रेम रेट बऱ्याचदा वरखाली होतो. आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून तो स्थिर करून घ्या, क्वालिटीचा आकडा १८ च्या आसपास ठेवा.

जलद करताना उलटा प्रकार. चौपट वेगात चारातल्या तीन फ्रेम जातात, त्यामुळे हालचाल टोचते. तिथे फ्रेम ब्लेंडिंग (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं) बरं दिसतं. स्लोमध्ये तेच भुतासारखं दिसतं.

आणि घाबरू नका, प्रत्येक वेळी रेंडर लागतोच असं नाही. नुसतं सावकाश बघायचं असेल तर व्हीएलसीतच वेग कमी करा, फाइलला धक्काही लागत नाही. अख्खी फाइल कायमची स्लो हवी असेल तर एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या टूलमध्ये ‘इट्सस्केल’ पर्याय आहे. ‘कॉपी’सोबत वापरला की फ्रेम जशाच्या तशा राहतात, फक्त त्यांच्या वेळा ताणल्या जातात. पुन्हा एन्कोडिंग (चित्र नव्याने कॉम्प्रेस करणं) नाही, म्हणून चित्राचं नुकसान शून्य. आवाज मात्र आधी काढून टाका. ६० ची फाइल अशी ३० ची होते आणि मस्त चालते. ३० ची १५ होते, तिथे झटके आलेच. फ्रेमच्या वेळा बदलणारा ‘सेटपीटीएस’ फिल्टर वापरलात तर मात्र पुन्हा एन्कोड होणार, हे धरून चाला.

त्या सुराची मूळ क्लिप शेवटी जोडली आणि पाच मिनिटांत काम झालं. जिच्यात बोटं चिकटली ती २५ ची एक्स्पोर्ट केलेली फाइल मी अजून ठेवली आहे. फ्रेम बनवून देणारं नवं काही हाती आलं की आधी तीच त्यावर चालवते. बोटं आता बरीच सुटी होतात. थेंब अजून मेणाचेच.