मालदीवला नोकरी लागलीय? पगार कशात मिळणार ते आधी विचारा

नवीन शिक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, महिन्याला किती शिल्लक पडतील?" मी उलट विचारते, पगार डॉलरमध्ये की रुफियात, म्हणजे इथल्या चलनात? करारात रुफिया असेल तर सहीआधी नीट हिशोब करा. एका डॉलरला 15.42 रुफिया हा सरकारी दर, पण त्या दराने हवे तेवढे डॉलर मिळत नाहीत. बँका महिन्याला ठरावीक रक्कमच बाहेर पाठवू देतात, आणि ती मर्यादाही मध्येच खाली येते. माझा पहिल्या वर्षीचा पगार खात्यात पडून होता आणि गावाकडे घराचे हप्ते थकत होते. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते भारतातल्या खात्यात ठेवूनच निघा.

दोष एकट्या बँकेचा नाही. इथे ट्युना मासा सोडला तर तांदूळ, अंडी, डिझेल, सगळं बोटीने येतं आणि बिल डॉलरमध्ये भरावं लागतं. चहूबाजूंनी वाळू, तरी बांधकामाला नदीची वाळू भारतातून! डॉलर येतो तो मुख्यतः रिसॉर्टमधून. 2020 मध्ये मार्चअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पर्यटकच नव्हते, तेव्हा ती आवकही आटली. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने 40 कोटी डॉलरची सोय करून दिली, यावरून चणचण ओळखा.

डिसेंबर 2023 मध्ये भारताने कांद्याची निर्यात थांबवली. तिकडे लासलगावला शेतकरी चिडून लिलाव बंद पाडत होते आणि इकडे मी अर्ध्या कांद्यावर आमटी भागवत होते. पुढे भारताने मालदीवसाठी वेगळा कोटा दिला.

राजधानी माले सोडून दूरच्या बेटावर नेमणूक झाली तर मालाच्या बोटीचा वार पाठ करा. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट येत नाही. मग आधी अंडी संपतात, मग भाजी, आणि दुकानदार नुसता जेट्टीकडे हात करतो. बोट लागली की ताडपत्रीखालचे अंड्यांचे ट्रे उतरायच्या आधीच बायका तिथे हजर. एक जादा सिलिंडर आणि पंधरा दिवसांची डाळ घरात असू द्या.

बॅगेत गोडा मसाला घ्या, कुकरच्या दोन रिंगा घ्या. रिंग आमच्या बेटावर मिळत नाही. पूजेची मूर्ती मात्र आणू नका, कस्टमवाले काढून घेतात.