कोल्हापुरात कागद घ्यायचा तर

ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं आणि आमच्या मजल्यावर तीन नव्या पाट्या लागल्या. दोन सोलापूरचे वकील, एक रत्नागिरीच्या. आठवड्याभरात तिघेही माझ्या दारात येऊन गेले, प्रश्न एकच: "मॅडम, तुम्ही स्टेशनरी कुठून आणता?" मी मूळची अकोल्याची. चौदा वर्षांपूर्वी इथे आले, हिशेबाचं दोन टेबलांचं ऑफिस थाटलं, तेव्हा हे विचारायला मला कुणी शेजारी नव्हतं. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

दोन पेनं, चार पाकिटं आणि डिंकाची बाटली हवी असेल तर मोठ्या दुकानाची पायरी चढू नका. ते गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतं, आणि दोन रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या. तारखेच्या आदल्या रात्री तुमचा प्रिंटर बंद पडेल तेव्हा अर्धं शटर वर करून देणारा तोच असतो. लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरीतली मोठी दुकानं महिन्यातून एकदा, यादी घेऊन गाठायची. (राजारामपुरीत पत्ता "कितवी गल्ली" असाच सांगतात. नंबर विसरलात की फिरत बसाल.)

मोठ्या दुकानात वरच्या मजल्यापर्यंत माल लावलेला असतो, पण तुम्हाला काय लागेल हे तिथे कुणी विचारत नाही. नुसतं "कागद द्या" म्हटलंत तर हाताला येईल तो मिळेल. पहिल्याच महिन्यात मी एका दुकानातून स्वस्त म्हणून पाच रीम (एक रीम म्हणजे ५०० कागद) लीगल कागद उचलून आणला. माझ्या प्रिंटरच्या ट्रेमध्ये फक्त ए फोर बसायचा. तो कागद पुढे दोन वर्षं माझ्या मुलीने चित्रं काढायला वापरला.

तेव्हा आधी माप. ए फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, लीगल म्हणजे साधारण २१६ बाय ३५६. फुलस्केप लीगलपेक्षा किंचित आखूड, आणि पुष्कळ दुकानांत पोरं दोन्हीला एकच नाव घेतात, म्हणून पट्टी लावून बघायला लाजू नका. वकिलांना लागणारा हिरवट लेजर कागद वेगळ्या रॅकमध्ये असतो. कुठल्या कामाला कुठला चालतो ते सिनिअरांना विचारा, दुकानदाराला नको.

मग जाडी. पाकिटावर ७०, ७५ किंवा ८० जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम. ए फोरचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून ५०० कागदांची ८० जीएसएमची रीम अडीच किलो भरायला हवी, ७५ ची साधारण २ किलो ३४० ग्रॅम, ७० ची २ किलो १९० ग्रॅम. अनोळखी छापाचा कागद ८० म्हणून कुणी देत असेल तर सरळ काट्यावर ठेवा. मी ठेवते. पहिल्यांदा काउंटरवरचा माणूस हसला होता, आता मला बघितलं की स्वतःच काटा पुढे सरकवतो. रोजच्या कामाला ७० पुरतो. दोन्ही बाजूंनी छापणार असाल तर ७५ च्या खाली जाऊ नका, मागची अक्षरं पुढे दिसतात.

आता पावसाचं, कारण बाहेरून आलेला माणूस इथेच फसतो. अकोल्यात कागद उन्हाने पिवळा पडतो, कोल्हापुरात पावसाने फुगतो. मी मे महिन्यात वीस रीम स्वस्तात घेऊन भिंतीला लावून फरशीवरच रचल्या. जुलैत उघडल्या तर कडा लाटांसारख्या झालेल्या, प्रिंटरमध्ये तीन-तीन कागद एकदम ओढले जायचे आणि छपाई ठिकठिकाणी फिकी. तेव्हापासून पावसाळ्यापुरता महिन्याचाच कागद आणते, पाकीट लागेल तेव्हाच फोडते आणि संध्याकाळी ट्रेमधला उरलेला कागद काढून परत पाकिटात घालते. तळमजल्यावर ऑफिस घेतलं असेल तर आणखी एक: २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात आलं होतं. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा ठेवा, किंवा तिथे झाडू-फडकी ठेवा.

रजिस्टर अजून दस्त्यावर विकतात. दस्ता म्हणजे २४ ताव. घडी घातली की एका दस्त्याची ९६ पानं होतात, दोन दस्त्याच्या रजिस्टरात १९२ आणि चार दस्त्याच्या रजिस्टरात ३८४. आवक-जावकला दोन दस्ते वर्षभर पुरतात. शिलाई बघून घ्या. नुसतं चिकटवलेलं रजिस्टर दिवाळीपर्यंत उसवतं. स्टेपलरच्या पिना घेताना नंबर सांगा: लहान स्टेपलरला १० नंबर, मोठ्याला २४/६. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि फोडलेली डबी कुणी परत घेत नाही. टोनरचंही तेच. प्रिंटरचं नुसतं नाव सांगून भागत नाही, टोनरचा नंबर लागतो. एचपीचा लेझरजेट १०२० असेल तर १२ए. जुन्या टोनरचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

बिल घ्याच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर यांवर जीएसटी राहिलेला नाही, प्रिंटरच्या कागदावर मात्र १८ टक्के आहे. व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल तर बिल होण्याआधीच आपला पंधरा अक्षरांचा नंबर सांगा (महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने), मागाहून बदलून द्यायला कुणाला वेळ नसतो. छोट्या दुकानदाराने "बिल ऑफ सप्लाय", म्हणजे जीएसटी न लावलेलं बिल, दिलं तर त्यावर कराची वजावट मिळत नाही, मग एखादा रुपया स्वस्त पडल्याचा काही उपयोग नाही. आमच्या मजल्यावरच्या वकिलांना ही चिंता नाही. व्यावसायिक अशिलाकडून घेतलेल्या फीवरचा कर अशिलानेच भरायचा असतो, त्यामुळे बहुतेकांनी नंबरच घेतलेला नसतो. खर्चाला पुरावा म्हणून बिल मात्र त्यांनाही लागतंच.

भावाचं म्हणाल तर छापील किमतीवर "किती सोडता?" एवढंच विचारायचं, आणि "अख्खं पाकीट घेतलं तर भाव वेगळा आहे का?" हेही. घासाघीस फार चालत नाही. इथली बोली पहिल्यांदा कानाला भांडल्यासारखी वाटते. "काय पायजे? सांगा की!" असं कुणी ओरडलं तर तो रागावलेला नाही, मदतच करतोय. मी सुरुवातीला दचकायचे. आता माझ्याच तोंडात "मी येतो" बसलंय, इथल्या बायका तसंच बोलतात, आणि अकोल्याला गेले की आई म्हणते, "हे काय बोलतेस?"

वेळेचं गणित विदर्भातल्यांसाठी मुद्दाम सांगते. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, इथे जूनच्या मध्यालाच. म्हणजे जूनचे पहिले दोन आठवडे मोठ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, सगळी पोरं वह्यांच्या गठ्ठ्यांमागे. मार्चअखेरही तसाच. दुपारी जेवणाच्या वेळेला काही दुकानं बंद असतात, आठवड्याची सुट्टीही ज्याची त्याची वेगळी. फोन करून निघालेलं बरं.

आणि न्यायचं कसं, ते. दहा रीमचं खोकं (हा शब्द उच्चारला की हल्ली लोक गालात हसतात) चोवीस किलोच्या आसपास भरतं. स्कूटरच्या पायाशी एक बसतं, दोन नाही. रत्नागिरीच्या मॅडम परवा दोन घेऊन निघाल्या, दसरा चौकातल्या सिग्नलला ब्रेक लावल्यावर वरचं खोकं घसरून रस्त्यावर. मागच्या रिक्षावाल्याने उतरून उचललं, "वहिनी, ह्ये माझ्यात टाका, तुम्ही पुढं व्हा" म्हणाला आणि ऑफिसच्या दारात आणून दिलं. पैसे घ्यायला तयार नव्हता, चहा घेतला.