ब्रॉयलरचं प्रोबायोटिक टाकीतून आतड्यापर्यंत कसं पोचवावं

शेड धुतलंय, लिटर (जमिनीवर पसरलेला भुसा) कोरडं आहे, ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारे हीटर) वेळेत तापलेत आणि पिल्लं उतरली आहेत, एवढं गृहीत धरतो. पिल्लं ब्रूडरखाली एकमेकांवर चढत असतील तर आधी तिकडे बघा. गारठलेलं पिल्लू कुठल्याही पुडीने वाढत नाही.

खाद्या-पाण्यातून कोणती पूरकं द्यायची हे पटकन उरकतो. "सगळंच थोडं थोडं द्या" असं सांगणारा बहुधा विकणारा असतो. तयार खाद्य घेत असाल तर त्यात फायटेज (धान्यातलं फॉस्फरस पचवायला मदत करणारं एन्झाइम) बहुतेक वेळा असतंच. पोत्यावरचं लेबल वाचा, वरून आणखी ओतू नका. ब्युटिरेट (आतड्याच्या अस्तराला पोसणारं पूरक) घ्यायचं तर कोटेड, म्हणजे आवरण चढवलेलंच घ्या, साधं ब्युटिरेट वरच्या वरच शोषलं जातं आणि शेवटच्या आतड्यापर्यंत फारसं उरत नाही. यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून केलेलं एमओएस (मॅनन-ऑलिगोसॅकराइड) खाद्यात मिसळायचं, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. घटक आणि प्रमाण न छापलेल्या टॉनिकच्या बाटल्या दुकानातच राहू द्या.

राहिलं प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयोगी असे जिवंत जिवाणू. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायला बंदी केली, त्यानंतर याची मागणी फार वाढली. यामागची कल्पना मात्र जुनी आहे. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली दाखवलं, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लाला दिले तर साल्मोनेला त्याच्या पोटात सहज ठाण मांडत नाही. हॅचरीतल्या पिल्लाला आई भेटत नाही, त्याचं आतडं जवळपास कोरं असतं. म्हणून पहिला डोस पहिल्याच दिवशी. पुढचे डोस खाद्य बदलताना आणि अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर.

पाकिटावर जिवाणूचं नाव, दर ग्रॅममागे सीएफयू (जिवंत जिवाणूंची संख्या) आणि मुदतीची तारीख, तिन्ही हवं. नुसतं "उपयुक्त जिवाणूंचं मिश्रण" लिहिलं असेल तर ठेवून द्या. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हे बीजाणू धरणारे जिवाणू पेलेट (खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) बनवतानाच्या उष्णतेत तगतात, त्यामुळे ते खाद्यातून दिलेले चालतात. लॅक्टोबॅसिलस नाजूक. ते पाण्यातून द्यायचं, आणि खरी गोची तिथेच आहे.

प्यायच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते असायलाच हवं. पण क्लोरीनला चांगला जिवाणू आणि वाईट जिवाणू यातला फरक कळत नाही. महागडं पाकीट टाकीत ओतलं आणि क्लोरीन तसंच असलं, की पिल्लांच्या वाट्याला मेलेले जिवाणू येतात. या टप्प्याने मला बराच काळ दमवलंय, आणि "प्रोबायोटिकचा काही उपयोग होत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडंही इथेच पेंड खातं.

सुरुवात पाइपलाइनपासून करा. बॅच गेल्यावर लाइनचं शेवटचं बूच काढा आणि आत बोटाला पांढरं फडकं गुंडाळून फिरवा. बुळबुळीत तपकिरी थर निघाला तर तो जिवाणूंनीच बांधलेला लेप आहे. नुसत्या पाण्याच्या जोराने तो जात नाही. शेड रिकामं असतानाच पाइपलाइनसाठी मिळणारं स्टॅबिलाइज्ड हायड्रोजन पेरॉक्साइड लेबलवरच्या मात्रेत भरून ठेवा आणि मग भरपूर पाणी सोडून लाइन धुवा. पक्षी आत असताना हा उद्योग नको. सुटलेले पोपडे निप्पलमध्ये (पिल्लं चोच लावून पाणी पितात त्या तोटीत) अडकतात आणि पिल्लं तहानेने मरतात. साखरपाण्यात प्रोबायोटिक द्यायचा सल्ला तर कानाआड करा, ती साखर पाइपातल्या त्याच लेपाला खाऊ घालते.

डोसच्या आदल्या दिवशी वेगळ्या, उघड्या टाकीत पाणी साठवून ठेवा. ब्लीचिंग पावडरचं क्लोरीन बरंचसं उडून जातं. बरंचसं म्हणजे सगळं नव्हे, म्हणून सकाळी टेस्ट किटने बघा. रंग जराही आला तर सोडियम थायोसल्फेट अगदी थोडं टाका आणि पुन्हा तपासा. टाकी शून्यावर आली म्हणून लगेच पाकीट फोडू नका, कारण पाइपात अजून कालचंच क्लोरीनचं पाणी उभं आहे. ते पूर्ण काढून टाका. लस देताना वापरतात तो निळा रंग पाण्यात घातला तर काम सोपं होतं. शेडच्या दूरच्या टोकाचं शेवटचं निप्पल दाबा, निळा थेंब आला म्हणजे औषधाचं पाणी तिथवर पोचलं.

अॅसिडिफायरही (पाणी आम्लधर्मी करणारं द्रव्य) त्या दिवशी बंद. अॅसिड आणि प्रोबायोटिक एकाच टाकीत घालू नका, पाकीटवाल्याने "चालतं" म्हटलं तरी. अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिक देणं म्हणजे एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्या हाताने तणनाशक मारायचं.

पाणी किती घ्यायचं? साधारण हवामानात पक्षी खाद्याच्या वजनाच्या पावणेदोन ते दोनपट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. पण पुस्तकी आकड्यापेक्षा तुमचं मीटर खरं. काल सकाळच्या दोन-तीन तासांत जेवढं पाणी गेलं, तेवढ्यातच आजचा पूर्ण डोस मिसळा. दिवसभराच्या टाकीत मिसळला तर जिवाणू कोमट पाण्यात ताटकळतात. मोठ्या पक्ष्यांच्या लाइन डोसआधी अर्धा तास वर उचलल्या तर सगळे एकदम पितात. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांना किंवा कडक उन्हात तहानलेलं ठेवू नका. डोस संपला की उरलेलं पाणी फेकून द्या आणि क्लोरीन पुन्हा सुरू करा. हे विसरलं तर जंतूंना रान मोकळं.

खाद्यात हाताने मिसळणार असाल तर पुडी थेट ढिगात टाकू नका. आधी थोड्या मक्याच्या भरड्यात, मग त्याच्या दहापट खाद्यात, मग सगळ्यात.

फरक पडला का हे वजनकाट्यावर बघा. सातव्या दिवशी शेडच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून पिल्लं उचलून तोला. उतरवतानाच्या वजनाच्या चौपट भरली तर गाडी रुळावर आहे. शिवाय रोज लिटरवर नजर. विष्ठेत न पचलेले दाणे किंवा नारिंगी चिकट शेंब दिसला तर आतडं बिघडतंय. रक्त दिसलं किंवा मरतुक चढायला लागली तर पूरकांचा नाद सोडा, ताजा मेलेला पक्षी त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे शवविच्छेदनाला न्या. रक्ती हगवण प्रोबायोटिकने बरी होत नाही.